अनोळखी शहरात चांगलं जेवण कसं शोधता?

आडवाट

नमस्कार मंडळी. नव्या शहरात उतरल्यावर जेवायला कुठे जायचं, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. बहुतेक जण मोबाइल उघडतात आणि जवळचं, जास्त तारे मिळालेलं ठिकाण गाठतात. मला ही पद्धत अपुरी वाटते, कारण तिच्यात ते शहर कुठे येतच नाही. माझं मत असं की आधी ते शहर किती वाजता जेवतं हे समजून घ्यावं, मग तिथली नोकरी-धंद्यावरची माणसं दुपारी कुठे बसतात ते बघावं. ठिकाणांची नावं त्यानंतर.

माद्रिद घ्या. तिथे दुपारचं जेवण दोनच्या पुढे आणि रात्रीचं नऊच्या पुढे. संध्याकाळी सहा-सातला भूक लागली म्हणून बाहेर पडलात, तर भर जेवण वाढणारी जी ठिकाणं उघडी दिसतील ती बहुतांशी परक्या माणसांसाठीच उघडी असतात. तेच कामाच्या दिवशी दुपारी अडीचला निघा. दाराशी फळ्यावर 'मेनू देल दिया' लिहिलेला दिसेल: पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पेय, शेवटी गोड किंवा कॉफी, आणि सगळ्याची मिळून एकच ठरलेली रक्कम. ही पद्धत १९६०च्या दशकात, स्पेनचा हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत, पर्यटकांना माफक दरात जेवण मिळावं म्हणून सरकारी आदेशाने सुरू झाली. पुढे तिच्यावर खरा हक्क सांगितला तो कचेऱ्यांतल्या आणि कारखान्यांतल्या लोकांनी. रोज येणारं गिऱ्हाईक असतं म्हणून स्वयंपाकी रोज पदार्थ बदलतो, आणि म्हणूनच तिथे ताजं मिळतं.

मेक्सिको सिटीतली 'कोमीदा कोर्रीदा' हीच गोष्ट, तीही दुपारीच. हनोईत घड्याळ उलटं फिरतं. फो, म्हणजे नूडल्स घातलेला रस्सा, विकणारी कितीतरी दुकानं भल्या सकाळी उघडतात आणि रस्सा संपला की बंद होतात. तिथे दहा-अकराला आरामात उठून गेलात तर शहराचं सगळ्यात चांगलं जेवण होऊन गेलेलं असतं.

तुमच्या रीती सांगा. नुसती नावं नकोत, ती जागा सापडली कशी हे लिहा. पिण्याबद्दलही लिहा, त्यात पाणीसुद्धा आलं.

मिरवेल

अगदी मनातलं लिहिलंत. मी काही काळ इस्तंबूलला कामासाठी राहिले आहे, त्यामुळे तिथलं सांगते. तिथे 'एस्नाफ लोकांतासी' नावाचा प्रकार असतो. एस्नाफ म्हणजे दुकानदार, कारागीर मंडळी. बाजारपेठेतल्या या लोकांसाठी चालणारी ही साधी जेवणघरं. भाषा येत नसली तरी अडत नाही, कारण शिजवलेले सगळे पदार्थ दर्शनी काउंटरवर मोठ्या ट्रेमध्ये मांडलेले असतात. बोट दाखवायचं, ताटली भरून मिळते.

तिथे बाराच्या सुमाराला जावं. सकाळी शिजवलेलं दुपारी संपवायचं असा हिशेब असल्याने दोननंतर ट्रे रिकामे व्हायला लागतात, आणि चांगले पदार्थ सगळ्यात आधी जातात. अशा ठिकाणी चार वाजता जाऊन "काही खास नव्हतं" असं म्हणणारे बरेच भेटले. त्यांना उरलंसुरलं मिळालेलं असतं.

कोलकात्यातली पाइस हॉटेलं याच जातीची. मुळात मेसमध्ये राहणाऱ्या नोकरदारांसाठी सुरू झालेली. जे घ्याल त्याचे वेगळे पैसे, काही ठिकाणी तर ज्यावर वाढतात त्या केळीच्या पानाचेसुद्धा. फळ्यावर त्या दिवशीचं काय आहे ते लिहितात आणि संपलं की पुसून टाकतात. पुसलेला फळा दिसला की मला त्या जागेबद्दल आदरच वाटतो.

गच्ची

दोघांशीही सहमत, पण मोबाइलला इतकं मोडीत काढू नका. ज्याच्याकडे एकच संध्याकाळ आहे, तो शहराचं घड्याळ शिकत कधी बसणार? अभिप्राय वाचता आले पाहिजेत, एवढंच.

मी सरासरी आकड्याकडे शेवटी बघतो. आधी अभिप्राय नव्यापासून जुन्याकडे लावून घेतो. आचारी बदलला, मालक बदलला की वर्षभरात जागा पार बदलते, आणि सरासरी मात्र जुन्या पुण्याईवर तशीच उभी असते. मग तीन ताऱ्यांचे अभिप्राय वाचतो. पाच तारेवाला खूश असतो, एक तारेवाला चिडलेला असतो, तीन तारेवाला नेमकं काय आवडलं आणि काय नाही ते सांगतो. त्यानंतर लोकांनी टाकलेले फोटो. जागेने स्वतः टाकलेले फोटो सोडून द्यावेत.

शोध स्थानिक भाषेत घ्यावा, हे सगळ्यात महत्त्वाचं. पदार्थाचं नाव त्या लिपीत कुठूनतरी उचलून नकाशात टाकलं की वेगळीच ठिकाणं वर येतात. इंग्रजीत शोधलं की इंग्रजीत लिहिणाऱ्यांना आवडलेली ठिकाणं मिळतात, आणि ते म्हणजे बहुतेक आपल्यासारखेच दोन दिवसांचे पाहुणे.

आकड्यांचा अर्थही देशोदेशी वेगळा असतो. जपानमध्ये 'ताबेलॉग' हे संकेतस्थळ लोक जास्त वापरतात, आणि तिथे पाचपैकी साडेतीन म्हणजे खूप चांगलं. आपल्या सवयीने चारच्या खालचं सगळं गाळलंत, तर टोकियोतली उत्तमोत्तम दुकानं गाळून बसाल.

आडवाट

गच्ची, स्थानिक भाषेतल्या शोधाचा मुद्दा एकदम मान्य. पण आकड्यांवर माझा विश्वास बसत नाही त्याला कारण आहे. २०१७ साली लंडनमध्ये एका पत्रकाराने स्वतःच्या बागेतली शेड उपाहारगृह म्हणून ट्रिपॲडव्हायझरवर नोंदवली. जेवण अस्तित्वातच नव्हतं. खोटे अभिप्राय आणि "जागा शिल्लक नाही" हे उत्तर, एवढ्यावर ती शेड काही महिन्यांत लंडनमधल्या उपाहारगृहांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. अमेरिकेत खोट्या अभिप्रायांच्या खरेदी-विक्रीवर बंदी घालणारा केंद्रीय नियम ऑक्टोबर २०२४मध्ये लागू झाला, म्हणजे हा व्यवहार किती पसरला असेल बघा.

जुनापत्ता

ताऱ्यांचा विषय निघालाच आहे तर मूळ ताऱ्यांबद्दल थोडं लिहितो. मिशलँ गाइड १९०० साली निघालं ते टायर कंपनीने काढलेलं, मोटारवाल्यांना फुकट वाटायचं पुस्तक म्हणून. त्यात नकाशे, टायर कसा बदलायचा, इंधन आणि मुक्काम कुठे मिळेल अशी माहिती होती. लोकांनी गाड्या जास्त फिरवाव्यात, म्हणजे टायर झिजतील, हा हेतू. चांगल्या जेवणाला तारा द्यायला १९२६मध्ये सुरुवात झाली आणि एक-दोन-तीन अशी उतरंड १९३१मध्ये आली. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावं असं, आणि तीन म्हणजे मुद्दाम त्यासाठीच प्रवास करावा असं. प्रवासाच्या भाषेत केलेलं हे मोजमाप मला आजही आवडतं.

आपल्यासारख्यांच्या जास्त कामाची त्यांची दुसरी खूण आहे, 'बिब गुरमाँ'. १९९७पासून ती देतात. माफक दरात चांगलं जेवण देणाऱ्या जागांसाठी आहे. एखाद्या शहरात पहिल्यांदा जाताना मी ती यादी बघतो आणि त्यातली ठिकाणं कोणत्या वस्त्यांमध्ये दाटली आहेत तेवढं हेरतो. मग त्या वस्तीत पायी फिरतो. यादीतल्याच जागेत बसायचं असं मुळीच नाही. जिथे चार चांगली आहेत तिथे पाचवं, यादीत नसलेलंही चांगलं असायची शक्यता मोठी, कारण गिऱ्हाईक चोखंदळ झालेलं असतं.

सिंगापूरमध्ये २०१६ साली हॉकर स्टॉलना तारे मिळाले तेव्हा बऱ्याच जणांना नवल वाटलं. मला वाटतं तिथली व्यवस्थाच त्याच्या मागे आहे. १९७०-८०च्या दशकांत रस्त्यावरच्या विक्रेत्यांना तिथल्या सरकारने हुसकावून न लावता नळ आणि गटारं असलेल्या छपराखालच्या बाजारांत जागा दिली. एकेक विक्रेता एकच पदार्थ वर्षानुवर्षं करत राहिला. २०२०मध्ये युनेस्कोने ही हॉकर संस्कृती आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. तिथे जाणाऱ्यांना एक सूचना: टेबलावर रुमाली कागदाचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा कुणीतरी धरलेली असते. जेवण झाल्यावर ट्रे स्वतः परत नेऊन ठेवायचा, तो आता नियम आहे.

शेवंती

छान चर्चा. वाचता वाचता सारखं मनात येत होतं की हे सगळं शाकाहारी माणसाला कितपत लागू होतं? बोट दाखवून घ्यायचं म्हटलं तरी रश्शात काय आहे ते दिसत नाही. मला प्रत्येक शहरात पिझ्झा आणि फ्राइज खाऊन परत यायचं नाहीये. कुणाला अनुभव आहे का?

पाऊलखुणा

शेवंती, मी जन्माने शाकाहारी आणि कामानिमित्त बरीच भटकते, त्यामुळे हे सविस्तर लिहिते. "व्हेज आहे का?" असं विचारून फारसं साधत नाही. त्या शहरात कोण, कधी आणि कोणत्या कारणाने मांस सोडतं, ते शोधायचं. जवळजवळ सगळ्या जुन्या समाजांत उपासाची किंवा व्रताची परंपरा आहे आणि तिचं स्वतःचं जेवण आहे.

इथिओपियातल्या अदिस अबाबामध्ये बुधवार आणि शुक्रवार हे ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपासाचे दिवस. त्या दिवशी ते मांस, दूध, अंडी घेत नाहीत, त्यामुळे साध्यातल्या साध्या ठिकाणीही इंजेरावर, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या पिठाच्या भाकरीवर, डाळी आणि भाज्यांचं भरलेलं ताट मिळतं. 'येत्सोम' म्हणायचं, म्हणजे उपासाचं. जॉर्जियातल्या तिबिलिसीत याच अर्थाचा शब्द 'समर्खवो'. तिथे राजमा, मशरूम आणि अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी इतकी सुंदर मिळतात की पिझ्झाची आठवणही होणार नाही.

बँकॉकमध्ये पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात लिहिलेला 'जे' हा शब्द शोधा. आपल्याला तो इंग्रजी सतरासारखा दिसतो. तिथे मांस, मासे, अंडी, दूध काही नसतं, कांदा-लसूणही नाही. नुसतं "भाजीचं द्या" म्हटलं तर फिश सॉस पडलेला असतोच, कारण तिकडे तो मिठासारखा वापरतात. तैपेईत बौद्ध शाकाहारी जेवणघरं गल्लोगल्ली आहेत, पाटीवर कधी कधी स्वस्तिकाची खूण असते. बऱ्याच ठिकाणी हवं ते ताटात वाढून घ्यायचं आणि वजनावर पैसे द्यायचे.

जपान अवघड आहे. भाजीच्या पदार्थालाही 'दाशी' नावाचा रस्सा लागतो आणि तो बहुधा सुकवलेल्या माशाचा. तिथे देवळांमधलं शाकाहारी जेवण, 'शोजिन र्योरी', शोधावं, क्योतो आणि कोयासानला ते मिळतं, मात्र आधी सांगून ठेवावं लागतं. आणि काटेकोर पाळणाऱ्यांसाठी इटलीबद्दल: पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या रेनेटशिवाय, म्हणजे त्याच्या जठरातून काढलेल्या विरजणाशिवाय, बनतच नाही. ज्यांना चालत नाही त्यांनी पास्त्यावर किसून घालण्याआधीच थांबवावं.

स्थानिक भाषेत दोन वाक्यांची चिठ्ठी लिहून नेते मी. "मी शाकाहारी आहे" एवढंच लिहिलं तर गैरसमज होतो. "मांस, मासे, त्यांचा रस्सा, त्यांचा सॉस चालत नाही, अंडी-दूध चालतं" असं मोडून लिहावं.

शेवंती

पाऊलखुणा, किती मनापासून लिहिलंत! उपासाच्या दिवसांचा विचार कधी सुचलाच नव्हता. जपून ठेवते आहे.

गच्ची

पोटाच्या भीतीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. लोक चकचकीत जागेला सुरक्षित आणि हातगाडीला धोकादायक समजतात. खरा प्रश्न अन्न किती वेळ आणि किती तापमानात पडून होतं हा आहे. ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मध्ये जंतू झपाट्याने वाढतात. समोर कढईतून थेट पानावर येणारा पदार्थ त्या पट्ट्यात थांबतच नाही. उलट मोठ्या हॉटेलच्या बुफेवर कोमट होत पडलेला भात जास्त त्रास देऊ शकतो, कारण भातातल्या एका जातीच्या जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात कोमट राहिला की पुन्हा जागे होतात. म्हणून गर्दी बघायची ती एवढ्यासाठीही: गर्दी असली की अन्न पडून राहत नाही.

काही शहरांत दारावरच उत्तर मिळतं. न्यूयॉर्कमध्ये २०१०पासून स्वच्छता तपासणीची अक्षरश्रेणी दर्शनी लावावी लागते. इंग्लंड आणि वेल्समध्ये शून्य ते पाच असा आकडा असतो, वेल्समध्ये तो लावणं सक्तीचं आहे, इंग्लंडमध्ये नाही. त्यामुळे इंग्लंडमध्ये दारावर आकडा नसेल तर सरकारी संकेतस्थळावर शोधून बघावा.

ताजं शिजवतात का, हेही काही ठिकाणी कळतं. फ्रान्समध्ये २०१४पासून 'फे मेझों' अशी खूण आहे, भांड्यावर घराचं छप्पर काढलेली. कच्च्या मालापासून तिथेच केलेल्या पदार्थालाच ती लावता येते. इटलीत मेनूमध्ये पदार्थापुढे फुली असेल तर खाली बारीक अक्षरांत बघा, बहुधा तो माल फ्रोझन असल्याचं लिहिलेलं असतं.

तांबडफुटी

टॅक्सीवाल्याला विचारावं असं सगळे सांगतात. माझं मत वेगळं आहे. "चांगलं हॉटेल कुठलं?" असं विचारलं की तो तुम्हाला शोभेल असं महागडं ठिकाण सांगतो, काही ठिकाणी त्याचं कमिशनही असतं. "तुम्ही आज दुपारी कुठे जेवलात?" असं विचारायचं. बाजारात भाजी, मासे, मसाले विकणाऱ्यांना विचारलं तर त्याहून उत्तम. माल कोण चांगला उचलतं ते त्यांना माहीत असतं.

जुनापत्ता

+१. बाजाराच्या आसपासच खायला चांगलं मिळतं. टोकियोचा त्सुकिजीचा घाऊक मासळीबाजार २०१८मध्ये तोयोसूला हलला, पण बाहेरची दुकानं आणि खाण्याच्या जागा त्सुकिजीलाच राहिल्या. जुनी माहितीपुस्तकं वाचून जाणाऱ्यांचा यात घोळ होतो.

मिरवेल

पिण्याबद्दल राहूनच जातंय, मी सुरू करते.

आधी पाणी. रोममध्ये 'नाझोने' नावाचे ओतीव लोखंडाचे नळ १८७४पासून आहेत, आज सुमारे अडीच हजार. चोवीस तास वाहणारं, पिण्यायोग्य पाणी. तोटीला वरच्या बाजूला छोटं भोक असतं. खालून बोटाने तोंड दाबलं की पाणी वरून कारंज्यासारखं येतं. बाटली विकत घ्यायची गरजच नाही. पॅरिसमध्ये जेवायला बसलात तर 'काराफ दो' मागा, नळाचं पाणी जेवणासोबत मोफत असतं आणि तसं कळवणं उपाहारगृहांना २०२२पासून बंधनकारक आहे. न मागितल्यास बाटली आणतात आणि तिचे पैसे लागतात.

कॉफी इटलीत काउंटरपाशी उभं राहून प्यावी. बसून प्यायली की तिचा दर बऱ्याचदा वेगळा असतो, आणि तो दरपत्रकात लिहिलेलाही असतो. व्हिएन्नात याच्या अगदी उलट. तिथे कॉफीसोबत पाण्याचा पेला येतो, लाकडी दांड्यात अडकवलेली वर्तमानपत्रं असतात आणि एका कपावर दोन-तीन तास बसलात तरी कुणी उठवत नाही. मी तिथे कितीतरी वेळ काढलाय, आणि एकट्या बाईला इतकं निवांत बसता येतं अशा जागा जगात फार कमी आहेत.

आडवाट

व्हिएन्नाचंच पुढे सांगतो. शहराच्या हद्दीतच द्राक्षमळे आहेत, आणि मळेवाले स्वतःची वाइन स्वतःच्या अंगणात विकतात. त्या जागेला 'हॉइरिगर' म्हणतात. सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८४च्या हुकुमाने ही परवानगी दिली. दारावर पाइनची जुडी टांगलेली असली की उघडं आहे असं समजायचं. अशा खुणा वाचता आल्या की शहर तुमच्याशी बोलायला लागतं. जपानमध्ये दारावरचा कापडी पडदा, नोरेन, हेच काम करतो: बाहेर टांगलेला असेल तर या, आत घेतला असेल तर बंद.

तांबडफुटी

दारूबद्दल एक गंभीर सूचना, विशेषतः तरुण मुलांसाठी. लाओसमधल्या वांग विएंगला नोव्हेंबर २०२४मध्ये मेथेनॉल या विषारी अल्कोहोलची भेसळ असलेल्या दारूने सहा परदेशी पर्यटकांचा मृत्यू झाला. मेथेनॉलला वेगळी चव किंवा वास येत नाही. फुकट वाटलेले शॉट, सुटी दारू, आधीच मिसळून ठेवलेली कॉकटेलं घेऊ नका. बिअर घ्या, आणि बाटली समोर उघडायला लावा. दुसऱ्या दिवशी नजर धूसर झाली तर हँगओव्हर समजून झोपून राहू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

पाऊलखुणा

हे फार गरजेचं होतं, धन्यवाद.

गच्ची

बंदचे दिवसही बघून निघा. पॅरिसमध्ये चांगली छोटी ठिकाणं रविवार-सोमवार बंद असतात आणि ऑगस्टमध्ये कित्येक जण आठवडेच्या आठवडे कुलूप लावून सुटीवर जातात. नकाशावरच्या वेळांवर विसंबू नका, फोन करून विचारा. रमजानमध्ये कैरोला गेलात तर दिवसा बरंच बंद, पण सूर्यास्तानंतर शहर जे जेवायला बसतं ते बघण्यासाठी मुद्दाम त्या महिन्यात जावं असं मी म्हणेन.

शेवंती

मिरवेल, आम्ही इस्तंबूललाच चाललो आहोत. तुम्ही लिहिलेल्या एस्नाफ ठिकाणी मला काय खाता येईल? आणि कोणत्या दिवशी जावं?

मिरवेल

शेवंती, 'झेयतिनयाअली' म्हणून विचारा. ऑलिव्ह तेलात शिजवून थंडच वाढतात त्या भाज्या: फरसबी, आर्टिचोक, सोललेल्या शेंगांचे दाणे. हा भाग बहुतेक ठिकाणी निर्धोक. गरम ट्रेमधल्या डाळीच्या सूपला आणि भाताला मात्र मांसाचं पाणी वापरलेलं असू शकतं, म्हणून 'एत सुयु' आहे का ते विचारायचं, म्हणजे मांसाचा रस्सा. फक्त 'एत' नको एवढंच सांगितलं तर ते वरचे तुकडे बाजूला करून वाढतील. रविवारी ग्रँड बाजार बंद असतो, त्यामुळे त्या भागातली दुपारची जेवणघरंही बरीचशी बंद मिळतील. मधल्या कुठल्याही वारी बाराला पोहोचा, साडेबारानंतर रांग लागते. तारखा ठरल्या की कळवा, मी वस्तीनुसार काही नावं पाठवते.